सर्किट बोर्डांतील सोने सायनाइडशिवाय वेगळे करता येईल का?

इतवारीकर (नागपूर)
इतवारीच्या सराफ्यात आमची सोने आटणीची भट्टी आहे. हल्ली जुन्या मोबाइल-संगणकांच्या सर्किट बोर्डांतील सोन्याबद्दलही लोक विचारतात. पण आम्लराजाचा (सोने विरघळवणाऱ्या तीव्र आम्लमिश्रणाचा) धूर आणि उरणारे दूषित पाणी यांची मला मनापासून काळजी वाटते. कड्यासारखे रेणू हे सोने नेमके उचलतात, असे ऐकले आहे. ते कसे, आणि लहान कारागिराला ते जमेल का?

रसायन-शिक्षिका, धरमपेठ
कड्याच्या पोकळीचे माप जुळले की धातूचा आयन (विद्युतभारित कण) त्यात बसतो, हे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये क्राउन इथर या कड्यासारख्या रेणूंवरून दाखवले. मात्र नुसते माप पुरत नाही: कड्यात ऑक्सिजन असेल तर ते पोटॅशियमसारख्या धातूंना धरते, आणि त्या जागी गंधक आणले तर चांदी, पॅलेडियम, सोने यांच्याशी घट्ट बंध जुळतो.

सोन्यासाठी मला सर्वांत मोलाचे वाटते ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील फ्रेझर स्टोडार्ट यांच्या गटाचे २०१३ मधील काम. स्टार्चपासून मिळणारे अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे सहा ग्लुकोजांचे कडे, सोने ज्यात पोटॅशियम व ब्रोमाइड यांच्यासोबतच्या संयुगाच्या रूपात आहे अशा द्रावणात घातले, की थोड्याच वेळात बारीक सुयांसारखा साका बसतो आणि प्लॅटिनम व पॅलेडियम द्रावणातच राहतात. कड्यांच्या नळीत पाण्याने वेढलेला पोटॅशियम आणि सोने-ब्रोमाइडचा आयन एकाआड एक बसतात. बीटा व गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन या मोठ्या कड्यांत ही मांडणी जुळत नाही.

सांडपाणी-अभियंता
विज्ञान सुंदर आहे, परंतु धातू आधी विरघळवावा लागतोच, आणि या पद्धतीतही त्यासाठी हायड्रोब्रोमिक व नायट्रिक आम्ल लागते. सोने विरघळवणारे विषारी सायनाइड टळते, आम्ल टळत नाही. म्हणून भट्टीवर हा प्रयोग कृपया करू नका. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रणासाठी नोंदणी सक्तीची आहे.

तुम्हाला काळजी आहे त्या दूषित पाण्यातील धातू ओळखण्यासाठीही असे कडे वापरतात; त्याला प्रतिदीप्त (प्रकाश पडला की स्वतः चमकणारे) रंगद्रव्य जोडतात. कड्यात धातू बसला की रंगद्रव्याचा प्रकाश बदलतो, आणि सांडपाण्यात पॅलेडियम उरले आहे का ते कळते. बोर्डांत तांबे सोन्याहून कितीतरी पटींनी अधिक असते, त्यामुळे तांब्यालाही प्रतिसाद देणारा असा संवेदक (धातू ओळखणारा रेणू) तेथे उपयोगाचा नाही.

इतवारीकर
आभारी आहे. मग मी बोर्ड नोंदणीकृत केंद्राकडेच पाठवीन. सायक्लोडेक्स्ट्रिन मात्र दर वेळी नवे लागते का?

रसायन-शिक्षिका, धरमपेठ
नाही. साक्यावर सोडियम मेटाबायसल्फाइटची क्रिया केली की धातुरूप सोने खाली बसते, आणि गाळून उरलेल्या द्रावणातून सायक्लोडेक्स्ट्रिन स्फटिकरूपात परत मिळवून पुन्हा वापरता येते.