दुधाचे दात पडणारच, म्हणून दुखू द्यायचे?

पाटी_पेन्सिल: परवा इथे एकाने लिहिलं की पोरांचे दात किडतात ते आईबापाच्या आळसामुळे आणि दुधाचे दात तसेही पडणारच, एवढा बाऊ कशाला. तेव्हापासून डोकं तापलंय. मी साखर कारखान्याजवळच्या झेडपी शाळेत शिकवते. दिवाळीनंतर बीडकडची ऊसतोडीची पोरं येतात. आई पहाटे फडात जाते, पोराच्या हातात चहा आणि बिस्किटाचा पुडा. यंदा तिसरीतली एक मुलगी गाल सुजवून आठवडाभर बसली, खिचडीला हात लावेना. बापाला म्हटलं दवाखान्यात न्या, तर म्हणाला, बाई, एक खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल आधीच अंगावर आहे. हा आळस?

स्पष्टवक्ता: ते मीच लिहिलं होतं. गरिबी आम्हीही काढली, राखुंडीने दात घासले. पाच रुपयांचा पुडा परवडतो तर दहाची पेस्ट का नाही?

दाढदुखी_डॉक्टर: दादा, राखुंडीने दात झिजतात. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि सहाव्या वर्षी त्यांच्यामागे येणारी दाढ कायमची असते, तीही दुधाचीच समजून लोक सोडून देतात. फ्लोराइडची पेस्ट 2021 पासून डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, शौक नाहीये तो.

माणदेशी: पेस्टचं राहू द्या, मिश्रीवर बोला कोणीतरी! माझ्या बहिणीची दाढ सहावीत ठणकायला लागली, आजीने मिश्री लावून दिली, आज चाळीशी आली, दोन बाळंतपणं झाली तरी सुटली नाही.

स्पष्टवक्ता: माझ्या आईने जन्मभर मिश्री लावली, ऐंशीला दात शाबूत. उगाच बदनामी नको.

माणदेशी: तुमच्या आईला कोण बोललं? तंबाखू भाजून वाटली म्हणून औषध होते का? बहिणीच्या तोंडात पांढरा चट्टा निघाला तेव्हा रात्र-रात्र झोपलो नाही आम्ही. आणि तुम्ही दात मोजताय!

दाढदुखी_डॉक्टर: ठणका घटकाभर कमी वाटतो, कीड आत पोखरतच राहते. आणि पोरीला तलफ लागते ती वेगळीच.

स्पष्टवक्ता: बरं, लहान पोरीला मिश्री देऊ नये, एवढं मानतो. चट्ट्याचं मला माहीत नव्हतं. पण शाळेत तपासणीला सरकारी गाडी येते ना?

पाटी_पेन्सिल: येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यात दातही बघतात. पण चिठ्ठी मिळते तालुक्याच्या दवाखान्याची, तिथे न्यायचं म्हणजे पुन्हा खाडाच. तोवर पट्टा पडतो, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपतो, चिठ्ठी इथे आणि पोर बीडला. त्या मुलीला शेवटी मीच नेलं, दाढ काढावी लागली.

स्पष्टवक्ता: केलंत ते चांगलंच केलंत. तरी रात्री झोपताना एकदा दात घासायला मुकादम आडवा येतो का?

पाटी_पेन्सिल: येतो. मध्यरात्री ट्रॅक्टर भरायला आईबापाला उठवतात, पोरगी धाकट्या भावाला घेऊन कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, बसते. प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं. एकदा या, नळ कुठाय ते मला दाखवा.