मदत हवी आहे: भाऊ मिलिटरी कँटीनमध्ये आहे, बायोडेटात 'सरकारी नोकरी' लिहायचं का?

धाकट्या भावासाठी स्थळं बघतोय. तो एका युनिटच्या कँटीनमध्ये सहा वर्षं सेल्समन आहे. वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. मामांनी बायोडेटात परस्पर 'नोकरी: केंद्र सरकार, संरक्षण खाते' असं टाकलं आणि तो कागद आता सातारा-कोरेगाव भागात फिरतोय. परवा एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "पेन्शन जुनी की नवी?" स्पीकर चालू होता. भाऊ ताटावरून उठून गेला.

मला कळलेला घोळ असा. सीएसडी, म्हणजे कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट, हे संरक्षण मंत्रालयाचं खातं. मुख्यालय मुंबईत, डेपोतले लोक सरकारी नोकर. पण आपण कार्ड घेऊन जिथे रांगेत उभे राहतो ती युनिट रन कँटीन. ती युनिट चालवतं आणि तिथल्या पोरांचा पगार सरकारी तिजोरीतून येत नाही. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सरकारी कर्मचारी ठरवलं होतं. मामा तेच धरून बसलेत. 2009 मध्ये मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला, ते मात्र ऐकूनच घेत नाहीत.

तसे आमच्या आळीत गैरसमज कमी नाहीत. "तुम्हाला काय बाबा, कँटीनचं सगळं फुकट!" फुकट कुठलं? जीएसटीत निम्मी सवलत आणि घाऊक खरेदीचा भाव, तेही ठरलेल्या कोट्यात. चुलतभावाने आर्मी वेल्फेअर हाउसिंगचा फ्लॅट घेतला तर म्हणे सरकारने दिला! ती संस्था 1978 पासून ना नफा ना तोटा तत्त्वावर घरं बांधते, पैसे जवानच भरतात. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. एक काका तर पाकिस्तानच्या फौजी फाउंडेशनसारखे खत-सिमेंटचे कारखाने आपल्या लष्कराचेही आहेत म्हणून भांडतात. असो.

तर बायोडेटात नेमकं काय लिहू? खोटं नको, पण वाचताक्षणी नकारही नको. आणि अशा नोकरीत कुणाचा पीएफ कापला जातो का?

प्रतिसाद (माजी सुभेदार): सरळ लिहा, 'सेल्समन, युनिट रन कँटीन' आणि पुढे हातात येणारा पगार. पीएफचं पगाराच्या स्लिपवर दिसेल, नाहीतर नेमणुकीच्या पत्रात बघा. 'संरक्षण खाते' आजच काढा. लग्नानंतर कळलं तर पोराला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

धागाकर्ता: धन्यवाद साहेब. काढलं. मामा रुसलेत. त्या मुलीच्या वडिलांना मीच फोन करून खरं काय ते सांगितलं. थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं, या रविवारी बघायला. पण फ्रीज तरी कँटीनमधून स्वस्तात मिळेल ना?"

कार्ड वडिलांचं आहे, हे सांगायचं राहिलंच.