पर्वरीची नोकरी सोडून मोठ्या बँकेच्या आयटीत जावं का?

डिचोलीकर_जावा:
फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजातून २०२१ साली बाहेर पडलो, तेव्हापासून पर्वरीत एका छोट्या कंपनीत आहे. सकाळी कोड लिहिला की संध्याकाळी लाइव्ह. आता पुण्यात एका मोठ्या बँकेच्या पेमेंट्स टीमची ऑफर आलीय, पगार जवळजवळ दुप्पट. मित्र म्हणतात, तिथे गंजशील. आई म्हणते, बँक आहे, डोळे मिटून घे. (तिला वाटतं मी कॅशियर होणार.) आतलं कुणी सांगेल का? आणि चवथीला रजा मिळते का?

फेरीबोट:
मी दीड वर्षात पळालो. दिवसाला चार मीटिंगा आणि यूएसबीसुद्धा बंद. पण घराचं कर्ज त्याच पगारावर फिटलं, खोटं कशाला बोलू.

वाळपईची:
२०१६ पासून बँकेत आहे, बरीच वर्षं पेमेंट्समध्येच. गंजण्याचं म्हणशील तर पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं. एका एरर मेसेजमधली एक ओळ बदलायला एकोणीस दिवस लागले. कोड दहा मिनिटांचा. बाकी टेस्टिंगवाल्यांची सही, सिक्युरिटी स्कॅन, चेंज तिकीट आणि बिघडलं तर मागे कसं फिरणार ते लिहून देणं. प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमला, आपण हात लावायचा नाही, तिच्या नोंदी म्हणजे लॉगसुद्धा मागून घ्यायचे.

हे सगळं कशासाठी, ते मला माझ्याच चुकीने कळलं. समोरच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही तर विनंती पुन्हा पाठवायची, असा रीट्राय मी लिहिला होता. तुझ्या कंपनीत तू हेच करत असशील. पण टाइमआउट म्हणजे पैसे गेले नाहीत असं नव्हे. समोरच्यांनी पहिली विनंती उशिरा का होईना, पुरी केली होती आणि माझा रीट्राय प्रत्येक वेळी नवा रेफरन्स नंबर घेत होता. काही खात्यांत दोनदा पैसे पडले. एकाने तर तासाभरात एटीएममधून काढलेही. ते परत मागायचा फोन ब्रँचमधल्या माणसाने केला, मी नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता आधी जुन्या नंबरावर स्टेटस विचारते. पुन्हा पाठवायचंच झालं तर नंबर तोच.

रात्रपाळीचंही ऐकून ठेव. पूर्वी रात्री एनईएफटी बंद असायचं, निवांत डिप्लॉय करता यायचं, म्हणजे नवा कोड चढवता यायचा. डिसेंबर २०१९ मध्ये ते चोवीस तास झालं, वर्षभराने आरटीजीएसही. आता बंद अशी वेळच उरली नाही, म्हणून आमची टीम रविवारी पहाटे दोनला बसते. चवथीची रजा जूनमध्येच टाकलीस तर मिळेल. शिगमो (आपली होळी) विसर. मार्चएंडला नवं काही टाकू देत नाहीत, पण माणसं मात्र जाग्यावर लागतात.

डिचोलीकर_जावा:
ताई, मग घेऊ ना? घरून काम करता येतं का?

वाळपईची:
घे, पण सही करण्याआधी मॅनेजरला विचार: ऑन-कॉल, म्हणजे अडचण आली की फोन उचलायची पाळी, किती आठवड्यांनी येते आणि प्रॉडक्शन सपोर्ट हीच टीम बघते का. उत्तर देताना अडखळला तर दुसरी टीम माग. घरून काम आमच्याकडे आठवड्याला दोन दिवस मिळतं. पावसात मात्र इन्व्हर्टर हवाच. मागच्या जुलैत ऐन डिप्लॉयमेंटला वीज गेली आणि मी पहाटे अडीचला शेजाऱ्यांचं दार वाजवलं.