विचर ३ घेऊ का नोको? भावंडायच्या ग्रुपवरची चर्चा

गोलू: दादा विचर ३ सेलमदे लय स्वस्त दिसून राह्यला, दोन्ही एक्सपान्शन, म्हंजे वरून जोडलेल्या नव्या कथा, सोबत. घेऊ का? २०१५ चा गेम हाय म्हून विचारून राह्यलो, आता जुना वाटन का

पंकजदादा: घे. जुना बिना काही नाई वाटत, २०२२ च्या डिसेंबरमदे त्यायनं नवा अपडेट देल्ला फुकटात, ग्राफिक्स सुधरवले. तुया ग्राफिक्स कार्डावर तो जड जाईन, म्हून चालू करताना डायरेक्टएक्स ११, म्हंजे ग्राफिक्स चालवाची जुनी हलकी पद्धत, निवडजो, १२ च्या नादी नोको लागू

मावशी: कायचा गेम हाय रे पंकज, ते पैशे लावाचा तं नोय ना? आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यानं रमीत लय घालवले

पंकजदादा: नाई मावशी, एकदाच विकत घ्याचा, मंग पैशे नाई. राक्षस मारणाऱ्या माणसाची कथा हाय

वैशूताई: मावशी पत्ते त्यातबी हायेत बरं, पण खोट्या पैशाचे

मावशी: पत्ते म्हंजे पत्तेच

पंकजदादा: गोलू आयक. ह्या गेमचा जीव मोठ्या कथेत नाई, गावायमदे हाय. मोठी कथा म्हंजे गेराल्ट नावाचा विचर त्याच्या मानलेल्या पोरीले, सिरीले, शोधत फिरते आन तिच्या मागं वाइल्ड हंट नावाचे भुतावानी घोडेस्वार लागले हायेत, चांगली हाय, पण तशी तुले कुठंबी भेटन. खरी गंमत गावातल्या फळ्यावर चिटकवलेल्या कागदाची. पहिल्याच भागात, व्हाइट ऑर्चर्डमदे, एक काम हाय, उजाड वस्ती, मधात विहीर, आन कोणी पाण्याले जाईना कारण भर दुपारी तिथं बाई दिसते. तिले नुसती तलवार हाणून जमत नाई. वस्तीत हुडकत फिरा लागते, कोणाची तरी वही सापडते, मंग विहिरीत उतरून खालून तिचं कंगन काढा लागते, ते कंगन आन तिचं प्रेत सोबत जाळलं का मंग ती पुढं येते. तवाबी ती धुक्यावानी, वार आरपार जाते, खाली यर्डन नावाच्या मंत्राचा गोल टाकला तरच अंगाले लागते. हे सगळं एका साइड कामात, चार पैशासाठी

पंकजदादा: आन हे त्यायनं मनानं नाई बनवलं. कंपनी पोलंडची, वॉर्साची, आन तिकडं दुपारी शेतात फिरणाऱ्या बाईची जुनी कथाच हाय, पोवुद्नित्सा म्हणते तिले. उन्हात काम करता करता माणूस पडला का तिच्यावर नाव जाये. आता सांग, आजी आपल्याले मे महिन्यात बारा वाजता विहिरीकडं जाऊ दे का?

काकाजी: ऊन लागते ते. भूत गीत काही नाई. डोक्याले दुपट्टा बांधा आन खिशात कांदा ठेवा.

वैशूताई: काकाजी गेराल्टले सांगा लागन हे

गोलू: हाहा. पण दादा लढाई कशी हाय, मी एल्डन रिंग गेम पाह्यला भाऊच्या रूमवर, त्याच्यासारखी हाय का

वैशूताई: नाई. इथंच दादा गप बसते पाय. लढाई सुरुवातीले मस्त वाटते पण नंतर तेच ते, बाजूले सरक, दोन वार मार, क्वेन म्हंजे कवचाचा मंत्र लाव, परत सरक, आन शंभर तास हेच. तपासबी तसाच, बटन दाबून धरलं का जमिनीवर लाल पावलं दिसतात, त्यायच्या मागं जा, गेराल्ट स्वतःच बोलून सगळं सांगून देते, आपल्याले डोकं लावाचं कामच नाई. ते विहिरीवालं एखादं वेगळं, बाकी लय कामं ह्याच साच्यातली. आन लेव्हलचा तं गोंधळच हाय, सुरुवातीले एवढा मोठा ग्रिफिन, पंखवाला राक्षस, मारलेला माणूस, अन पुढं रस्त्यावरच्या फाटक्या चोराच्या डोक्यावर लाल कवटी दिसली का समजाचं, सहा लेव्हल वर हाय, आपण गेलो. तलवार भारी सापडते पण लेव्हल कमी म्हून हातात घेता येत नाई. काहून नाई येत? वजन तं तेवढंच

पंकजदादा: लेव्हलचं मान्य. लढाईचं अर्धच मान्य. तू सोप्प्यावर खेळली असशीन. सोप्प्यावर ध्यानाले बसलं का जखम भरते, मंग काढे बनवा कशाले, तेल लावा कशाले. गोलू, तू खालून तिसरी डिफिकल्टी घेजो. तिथं ध्यानानं जखम भरत नाई, म्हून कोणत्या राक्षसाले काय चालते ते वाचा लागते, तलवारीले तेल लावून जा लागते, तवा विचर झाल्यासारखं वाटते. काढा एकदा बनवला का परत परत नाई बनवा लागत, जवळ दारू असली का ध्यानात आपोआप भरते

मावशी: दारू??

पंकजदादा: मावशी औषधात टाकाले

वैशूताई: मावशी, चिंटूले मात्र नोको दाखवू, खरंच अठराच्या वरच्यायसाठी हाय

गोलू: ब्लडी बॅरनचं लय आयकलं, ते काय हाय

पंकजदादा: शेवट नाई सांगत. वेलेन म्हून भाग हाय, लढाईनं उजाड झालेला, झाडायले माणसं टांगलेले, दलदल, उपाशी गावं. तिथला हा गढीवाला, बायको पोरगी निघून गेले म्हून तुले शोधाले लावते. दारुडा हाय, बायकोले मारे. तुले त्याचा राग येते. मंग एका राती त्याच्याच आंगणातून, जन्मायच्या आधीच गेलेलं आन नाव न ठेवता पुरलेलं लेकरू भूत होऊन उठते, आन तुनं मारलं नाई तं बॅरनले ते दोन्ही हातात धरून उंबऱ्यापाशी न्या लागते, मधात भुतं येतात, लेकरू चवताळते, तू ऍक्सीचा मंत्र टाकून त्याले शांत करतं, आन बॅरन चालत राह्यते. मंग उंबऱ्याखाली पुरून त्याले नाव देते. एवढा दांडगा माणूस, नाव घेताना आवाज बसते त्याचा. त्याले माफ कराचं का नाई हे गेम सांगतच नाई

वैशूताई: हे मात्र खरं. ह्या एका भागासाठी घे म्हणीन मीबी

वैशूताई: पण मले एक पटत नाई. सिरीच्या जीवावर आलेलं हाय, सगळे म्हणतात घाई कर घाई कर, आन गेराल्ट खानावळीत बसून ग्वेंटचे पत्ते कुटून राह्यला. महिने गेले तरी सिरीचं काही बिघडत नाई. म्हंजे घाई खोटी

पंकजदादा: खोटीच हाय. पण ग्वेंट लय भारी हाय त्याले मी काय करू

वैशूताई: आन स्केलिगे बेटायच्या समुद्रातले नकाशावरचे प्रश्नचिन्हं. त्याचं बोल

पंकजदादा: त्याच्या वाटेले जाऊ नोको गोलू. नकाशावर दिसतात म्हून सगळे पुसाचे नसतात. होडी घेऊन जा, पाण्यात टोपल्या पेट्या, वरून पंखवाल्या बाया बोंबलत येतात, आन भेटते काय तं इकाचं भंगार. त्याच्यानं मंग ओझं वाढते, गेराल्ट पळत नाई, घोडीबी शिट्टी मारली का कुंपणात अडकून उभी. फळ्यावरचे कागद वाच, मजुरीचा भाव वाढवून माग, समोरचा चिडेपर्यंत ताणू नोको, बस

काकाजी: हे कोणी लिवलं? कथा.

पंकजदादा: काकाजी, पोलंडचाच लेखक, सापकोव्स्की. त्यानं गेमवाल्यायले हक्क देल्ले तवा टक्का नाई घेतला, रोख रक्कम घेतली, त्याले वाटलं हे काही चालाचं नाई. पुढं एकट्या तिसऱ्या भागाच्याच ५ कोटीवर कॉप्या गेल्या. २०१८ मदे त्यानं परत पैशे मागतले, २०१९ च्या शेवटी कंपनीनं नवा करार केला त्याच्यासंग

काकाजी: घरात पैशे नोते म्हून तूर दिवाळीतच व्यापाऱ्याले बोलून देल्ली आन मंग भाव चढला, तसं झालं बिचाऱ्याचं.

गोलू: दादा डाउनलोडचं काय, ५० जीबीच्या आसपास सांगते. माया पॅक दिवसाले २ जीबी. आन लाईनचं तं तुले माईतच हाय, मधातच गेली तं?

पंकजदादा: लाईनची चिंता नोको करू, लढाई चालू नसन तं कुठंबी सेव्ह होते, सवय लाव. डाउनलोडले जीओजीवरून घेजो, ते २०२५ पर्यंत त्याच कंपनीचं दुकान होतं, तिथून इन्स्टॉलर फाईल भेटते, एकदा बसवला का नेट नसलं तरी चालते. तू तुया खात्यावर घे, वैशू नागपूरले तिच्या वायफायवर उतरवून देईन

वैशूताई: देईन. हार्डडिस्क पोळ्याले आणतो. पासवर्ड पाठव, पण ग्रुपवर नोको टाकू. आन गोलू, पहिल्याच खानावळीत आरसे विकणारा एक माणूस येऊन बोलते, त्याले ध्यानात ठेवजो, एक्सपान्शनमदे लागन

गोलू: बरं ताई. शेवट किती हायेत?

वैशूताई: सिरीचे मोठे तीन. तू तिच्यासंग कसा वागतं त्याच्यावर ठरते. तिले लेकरू समजून सगळं तूच ठरवत बसला तं वाईट होते. याच्या पुढं नाई सांगत

मावशी: गोलू, तुह्या बाबाले विचारलं का, पऱ्हाटीले खत टाकाचं राह्यलं म्हणे

गोलू: टाकतो ना मावशी, उद्या सकाळी