मदत हवी आहे: फळी वाकडी झाली हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं? बेंट, बोड, कप्ड की वार्प्ड?

नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ बाबांचा सुतारकामाचा कारखाना आहे. लाकूड आणि माणसं ते बघतात, इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. इंग्लंडमधल्या एका ग्राहकाला बाकांसाठी सुट्या सागवानी फळ्या पाठवल्या होत्या, सहा फूट लांब, नऊ इंच रुंद, वरच्या बाजूने पॉलिश केलेल्या. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं: तीन फळ्या कप्ड आहेत, एक बोड, दोन फळ्यांना स्प्रिंग आणि एकीला ट्विस्ट.

स्प्रिंगपाशी मी अडकले. आमच्या बाकात स्प्रिंग नसतेच. शेवटी सगळं एकत्र करून लिहिलं, 'सॉरी दॅट द बोर्ड्स आर बेंट.' त्यावर त्यांनी विचारलं, कशाने वाकल्या? कंटेनरमध्ये त्यांच्यावर काही जड ठेवलं होतं का? हे बाबांच्या मनाला फार लागलं. माल रचताना ते स्वतः उभे होते.

त्यांनी त्याच लाकडातली उरलेली एक फळी आणून फरशीवर ठेवली आणि एका कोपऱ्यावर अंगठा दाबला, तर तिरका समोरचा कोपरा बोटभर उचलला. "हा पीळ." दुसरी डोळ्यापाशी धरून, एक डोळा मिटून कडेवरून पाहिली. "हिची कड गेली." त्यांना प्रत्येक दोष वेगळा दिसतो, आणि मी सगळ्यांना बेंट म्हणून मोकळी झाले. शब्दकोशात वार्प पाहिला तर पहिला अर्थ मागावरचा ताणा! कृपया कोणी नीट समजावून सांगाल का? उद्या उत्तर पाठवायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, अडचण बेंट या शब्दानेच केली आहे. बेंड म्हटलं की जोर आला: कोणीतरी वाकवलं किंवा भाराने वाकलं. हे क्रियापद मुळात धनुष्याला दोरी चढवण्याचं, बाइंड म्हणजे बांधणे याच्याच घरातलं. लाकूड दमटपणा कमी-जास्त झाल्याने आपोआप वाकडं होतं, त्याला वार्प म्हणतात. तुमच्या पत्रातले चारही दोष वार्पचेच प्रकार आहेत.

कप म्हणजे फळी रुंदीत खोलगट होणं, आपल्या नळीच्या कौलासारखी. बो म्हणजे लांबीत धनुष्यासारखा बाक, फळी जमिनीवर टेकवली की मधे फट राहते किंवा टोकं उचलतात. फोनवर बोलाल तेव्हा उच्चार 'बो' करा. 'बाउ' म्हणजे कमरेत वाकून अभिवादन करणं, स्पेलिंग तेच. स्प्रिंगचा तारेच्या स्प्रिंगशी संबंध नाही. फळी जमिनीवर सपाट बसते, पण तिची कड तलवारीसारखी वळते, तो ब्रिटिश लोकांचा स्प्रिंग. अमेरिकन ग्राहक यालाच क्रुक म्हणेल. बाबा म्हणाले ती 'कड गेली' हीच. ट्विस्ट म्हणजे पीळ.

कर्व्ह हा शब्द दोषासाठी वापरू नका. पाठीला टेकायला मुद्दाम गोलाई दिली असेल तर ती पाठ कर्व्ड. पुस्तकांच्या भाराने फडताळाची फळी मधे खाली येते तो सॅग. आणि दोन्ही टोकांकडून दाब येऊन एखादी वस्तू मधूनच बाहेर फुगली की बकल. सॅग आणि बकल दोन्हींत भार आला, म्हणून या पत्रात दोन्ही नकोत.

प्रतिसाद २

भाषेचं वर आलंच आहे, मी लाकडाचं विचारतो. कप झालेल्या फळ्यांची खोलगट बाजू कोणती, पॉलिशची की खालची? लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणून ओंडका नुसता समांतर चिरून काढलेली साधी फळी वाळली की सालीकडच्या बाजूने खोलगट होते. पण सगळ्याच फळ्या खालून खोलगट असतील तर कारण बहुधा दुसरं आहे: एकाच बाजूला पॉलिश. उघडी बाजू आधी वाळते, आधी आकसते आणि फळीला आपल्याकडे ओढते.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. फोटो पुन्हा पाहिले. तिन्ही फळ्या खालूनच खोलगट आहेत. खाली पॉलिश मारलं नव्हतं, बाबांनीही ते मान्य केलं. उद्याच्या पत्रात बेंट हा शब्द मागे घेते आणि असं लिहिते: 'द बोर्ड्स हॅव वार्प्ड इन ड्राइंग; नो लोड वॉज प्लेस्ड ऑन देम.' त्या तीन फळ्या बदलून द्यायचं आणि यापुढे दोन्ही बाजूंना पॉलिश मारायचं, असं बाबांनी ठरवलं आहे.

एकच राहिलं. स्प्रिंग किती आहे हे त्यांना मोजून कळवायला सांगायचं, तर 'हाउ मच स्प्रिंग ओव्हर द फुल लेंग्थ' बरोबर आहे का?

प्रतिसाद १

अगदी बरोबर. टोकापासून टोकापर्यंत सूत ताणून, मधे कड सुतापासून किती मिलिमीटर लांब आहे तेवढं कळवायला सांगा.