‘झाडपी’ म्हणावं की ‘झाडीतले’?

प्रश्न :
माझं माहेर पुण्याचं, सासर नागपूरचं. सासूबाई मूळच्या वैनगंगेकाठच्या पवनीच्या. परवा आई फोनवर त्यांना सहज म्हणाली, ‘तुम्ही वऱ्हाडी माणसं फार अगत्याची.’ त्या हसून म्हणाल्या, ‘वऱ्हाडी नाही हो, आम्ही झाडीतले.’ तेवढ्यात दीर बोलले, ‘आई तर पक्की झाडपी!’ आणि त्या एकदम गप्प झाल्या. ‘झाडी’ चालते आणि ‘झाडपी’ टोचते, असं का?

उत्तर :
ताई, तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. वऱ्हाड म्हणजे वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख : अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हे भोसल्यांचं राज्य. इंग्रजांनी ते १८६१ साली मध्य प्रांतात घातलं आणि वऱ्हाडचा कारभार त्याला जोडला तो पार १९०३ मध्ये. पुण्या-मुंबईकडे अख्ख्या विदर्भालाच वऱ्हाड म्हणतात, ते चूकच आहे.

झाडी म्हणजे वैनगंगेचं खोरं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग. जंगल दाट, पाऊस भरपूर, पीक धानाचं. जमीन बदलली की शब्द कसे बदलतात बघा. वऱ्हाडात काळ्या मातीच्या वावरात ‘पऱ्हाटी’ उभी असते, म्हणजे कपाशी. झाडीत ‘पऱ्हे’ असतात, म्हणजे धानाची रोपं, आणि ती रोवतात ‘बांधीत’, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात. कोकणात जी भाताची लावणी, ती इकडे धानाची ‘रोवणी’. पाण्यासाठी गावोगाव लहान ‘बोडी’ आणि मोठे मालगुजारी तलाव. मालगुजार म्हणजे पूर्वीचे गावचे जमीनदार. ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरं घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात.

नागपूर बरोबर या दोन्हींच्या सांध्यावर आहे. काटोल-नरखेडकडे जा, कापूस आणि संत्री. मौदा-रामटेककडे जा, धानाच्या बांध्या. जिल्हा एकच, पण लग्नाच्या बैठकीत दोन मिनिटांत कळतं कोण कुठल्या बाजूचं. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, झाडीत ‘डोरा’.

आता तुमचा मूळ प्रश्न. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सननं केलेल्या भारतातल्या भाषांच्या पाहणीत ‘झाडपी’ हे बोलीचं साधं नाव म्हणून आलं आहे. शब्दाच्या अर्थात खोट काही नाही. पण शहरात तो ‘गावंढळ’ या अर्थी फेकला गेला. मी स्वतः साकोलीकडची. सातवीत नागपूरच्या शाळेत आले आणि कविता वाचताना ‘डोरे’ म्हणाले. सगळा वर्ग हसला, मागच्या बाकावरून ‘झाडपी, झाडपी’ सुरू झालं. वर्षभर मी वर्गात हात वर केला नाही. ‘झाडीतले’ हे आपण स्वतःचं सांगतो, ‘झाडपी’ हे दुसऱ्यानं चिकटवलेलं असतं. म्हणून टोचतं.

आणखी एक उत्तर :
मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाचा. ताईंचं म्हणणं पटलं, एक भर घालतो. ‘झाडीपट्टी’ हा शब्द आम्ही छाती पुढे काढून सांगतो आणि त्याचं मोठं कारण आमची नाटकं. धान कापून घरात आलं, हातात पैसा खुळखुळू लागला की दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटक चालतं. लेकी-जावई नाटकाला म्हणून गावी येतात. हंगाम पिकानंच ठरवून दिला आहे. कापसाच्या मुलखात ही रंगभूमी अशी उभी राहिली नसती, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. काल सासूबाईंना ‘पऱ्हे म्हणजे काय हो आई?’ एवढंच विचारलं. त्या कणीक मळत होत्या. हात तसाच ठेवून परातीतल्या कणकेत अंगठा रुतवून दाखवला : चिखलात रोप असं दाबायचं, फार खोल गेलं तर कुजतं, वर राहिलं तर तरंगतं. माहेरच्या बांधीत वाकून वाकून कंबर कशी धरायची, रोवणीच्या बाया कुठली गाणी म्हणायच्या, पाऊणएक तास सांगत होत्या. दीर दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, ‘आई, ती बांधी अजून आहे का गं मामाकडे?’