जपानमध्ये पोलिसांनी अडवलं तर खिशात काय हवं: मूळ कार्ड की झेरॉक्स?

गोकुळशिरगाव_०९
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून जपानला, आइची प्रांतातल्या एका कास्टिंग कारखान्यात चाललाय. तिथं परदेशी माणूस दिसला की पोलीस थांबवून कागद मागतात असं कळलं. आमच्यात दोन मतं पडली आहेत. वडील म्हणतात पासपोर्ट खोलीत कुलपात ठेव, लॅमिनेशन केलेली झेरॉक्स घेऊन फिर. पाठवणाऱ्या एजन्सीचा माणूस म्हणतो पासपोर्ट कंपनीकडं 'सुरक्षित' राहील, काळजी नको. यातलं बरोबर काय? पुढं उन्हाळ्यात आई-बाबा महिनाभर फिरायला जाणार आहेत, त्यांना काय नियम? आणि अडवल्यावर नेमकं बोलायचं काय?

कायदा_कट्टा
दोन्ही मतं चूक. एजन्सीवाल्याचं तर जास्तच.

3 महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर जाणाऱ्याला झाइर्यू कार्ड मिळतं, म्हणजे रहिवासाचं कार्ड. 16 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकानं ते कायम जवळ बाळगायचं असतं आणि ते जवळ असेल तर पासपोर्ट घेऊन फिरायची सक्ती नाही. म्हणजे पासपोर्ट कुलपात ठेवायचा हे वडिलांचं म्हणणं भावापुरतं ठीक, पण त्याऐवजी खिशात झेरॉक्स नव्हे, मूळ कार्ड हवं. लॅमिनेशन, मोबाइलमधला फोटो, कंपनीचं ओळखपत्र, काहीच त्याची जागा घेत नाही. कार्ड जवळ नसेल तर 2 लाख येनपर्यंत दंड. जवळ असून दाखवायला नकार दिला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 2 लाख येनपर्यंत दंड. नकाराची शिक्षा विसरण्यापेक्षा मोठी आहे, हे भावाच्या डोक्यात बसवा.

आई-बाबा पर्यटक म्हणून जाणार, त्यांना कार्ड मिळणार नाही. त्यांनी मूळ पासपोर्टच सोबत ठेवायचा. तो जवळ नसेल तर दंड 1 लाख येनपर्यंत. इथं बरेच जण फसतात, कारण हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून झेरॉक्स घेऊन हिंडायची आपल्याकडच्या टूरवाल्यांची शिकवण असते.

आता कंपनीकडं पासपोर्ट ठेवण्याबद्दल. प्रशिक्षणार्थींसाठीचा जो कायदा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याच्या कलम 48 नुसार कंपनीनं किंवा देखरेख संस्थेनं प्रशिक्षणार्थीचा पासपोर्ट किंवा झाइर्यू कार्ड ताब्यात ठेवणं बंद आहे. मुलाच्या मर्जीविरुद्ध ठेवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 3 लाख येनपर्यंत दंड. 'सांभाळायला द्या' असा गोड शब्द वापरला तरी द्यायचं नाही. शिवाय आपल्या पासपोर्ट कायद्याप्रमाणं (1967) पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. भावाचाही नव्हे, मग कंपनीचा कुठून?

आठ_तास_शिफ्ट
वरचं सगळं बरोबर. मी रस्त्यावरची बाजू सांगतो.

पोलिसांनी थांबवून चौकशी करण्याला तिकडं 'शोकुमु शित्सुमोन' म्हणतात. संशयाला काही कारण असेल तर कोणालाही थांबवून प्रश्न विचारायचा अधिकार पोलिसाला आहे. पण थांबणं, उत्तरं देणं, बॅग उघडून दाखवणं, सोबत चौकीत म्हणजे कोबानमध्ये जाणं हे कायद्यानं ऐच्छिक आहे. परदेशी माणसाला सक्तीचं आहे ते एकच, कार्ड किंवा पासपोर्ट दाखवणं. हा फरक माहीत असावा, पण त्यावरून रस्त्यात हुज्जत घालू नये. आपल्या पोरांचा नाद तिथंच खुळा होतो. नाही नाही म्हणत राहिलं की आणखी दोन पोलीस बोलावतात आणि पाच मिनिटांचं काम तासावर जातं.

सगळ्यात जास्त अडवणूक सायकलवरून होते. प्रशिक्षणार्थी मुलांचं वाहन सायकलच. तिथं प्रत्येक सायकलची चोरीविरोधी नोंदणी सक्तीची आहे. दुकानात काही शे येन घेऊन करून देतात आणि फ्रेमवर स्टिकर लावतात. पोलीस त्या स्टिकरचा नंबर वायरलेसवर सांगून मालकाचं नाव ताडून बघतो. मायदेशी परतणारा मुलगा जाताना आपली सायकल नव्या मुलाला देऊन जातो, नोंदणी मात्र जुन्याच्या नावावर राहते. मग ती चोरीची वाटते. उपाय असा: देणाऱ्याकडून हस्तांतराचा सहीचा कागद घ्यायचा, जुनी नोंदणी त्याला रद्द करायला लावायची आणि दुकानात आपल्या नावानं नवी करायची. स्टेशनबाहेर बेवारस पडलेली सायकल उचलणं म्हणजे तर सरळ गुन्हा.

रात्री दिवा न लावता सायकल चालवली की थांबवायला कारण आयतंच मिळतं. 1 एप्रिल 2026 पासून 16 वर्षांवरच्या सायकलस्वारांना नियमभंगासाठी दंडाची निळी चिठ्ठीही देतात.

बोलायला दोन वाक्यं पुरेत. 'झाइर्यू कादो देसु' म्हणजे हे माझं कार्ड. 'निहोंगो गा वाकारिमासेन' म्हणजे जपानी येत नाही. समोरचा साध्या कपड्यात असेल तर 'केइसात्सु तेचो ओ मिसेते कुदासाइ', पोलिसाचं ओळखपत्र दाखवा. कार्ड मागणाऱ्यानं विचारल्यावर स्वतःची ओळख दाखवलीच पाहिजे, हेही कार्डाच्याच कायद्यात आहे. आणि कार्ड नाही म्हणून कोणी जागेवर रोख दंड मागितला तर तो पोलीस नव्हे. हा दंड रस्त्यात वसूल होत नाही, ते प्रकरण कोर्टामार्फत जातं.

मिरजकर_तिकटी
एवढं कशाला? युरोपात सगळीकडं झेरॉक्स चालते. तिकडंही चालत असणार.

कायदा_कट्टा
युरोपाचंही असं सरसकट नाही हो. इटलीत राहणाऱ्या परदेशी माणसानं मागितल्यावर ओळखीचा कागद आणि रहिवासाचा परवाना दोन्ही दाखवायचे असतात. सबळ कारणाशिवाय दाखवले नाहीत तर कैद आणि 2,000 युरोपर्यंत दंड अशी तरतूद आहे. फ्रान्समध्ये ओळख पटली नाही तर 4 तासांपर्यंत, स्पेनमध्ये 6 तासांपर्यंत ठाण्यात ठेवून घेऊ शकतात. एखाद्या पोलिसानं झेरॉक्स बघून सोडलं हा त्याचा चांगुलपणा, नियम नव्हे.

गोकुळशिरगाव_०९
धन्यवाद, वडिलांना वाचून दाखवलं. झेरॉक्सचा हट्ट सुटला. आता कार्ड नेमकं कधी आणि कुठं मिळतं? आणि हरवलं तर? आणि हो, आईच्या पर्समध्ये कायम अडकित्ता असतो, ते राहिलंच.

कायदा_कट्टा
कार्ड विमानतळावरच. नागोयाचं चुबू, तोक्योची नारिता आणि हानेदा, ओसाकाचं कान्साइ, या ठिकाणी इमिग्रेशनच्या खिडकीवर हातात देतात. जिथं पहिल्यांदा जपानमध्ये प्रवेश होतो तिथंच मिळतं. म्हणजे नारिताला उतरून पुढं नागोयाला गेला तर कार्ड नारितालाच. लहान विमानतळावर उतरला तर पासपोर्टवर तशी नोंद करतात आणि कार्ड नंतर पोस्टानं येतं. ते येईपर्यंत मात्र पासपोर्टच खिशात.

नव्या कार्डावर पत्ता नसतो. राहायची जागा ठरल्यापासून 14 दिवसांत तिथल्या महापालिकेत जायचं, ते कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता लिहून देतात. खोली बदलली की पुन्हा तेच, 14 दिवसांत. पोलीस कार्ड उलटून मागची बाजू बघतातच. तोंडानं सांगितलेला पत्ता आणि मागचा पत्ता जुळला नाही की प्रश्न वाढतात.

नावाचंही बघा. कार्डावर पासपोर्टप्रमाणंच रोमन लिपीत नाव येतं, आडनाव आधी. आपल्याकडं वडिलांचं नाव पासपोर्टात पहिल्या नावाला जोडलेलं असतं, तेही येतं. भावाला नाव विचारलं तर त्यानं अख्खं तीन भागांचं सांगावं, नुसतं 'पाटील' नव्हे.

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत केला आणि निकाल आला नाही, तर जुनं कार्ड संपल्या तारखेनंतर निकाल लागेपर्यंत किंवा फार तर 2 महिने चालतं. खिडकीवर अर्ज केला असेल तर कार्डामागं तसा शिक्का असतो. ऑनलाइन केला तर शिक्का नसतो, अर्ज मिळाल्याचा ईमेल छापून कार्डासोबत ठेवायचा.

हरवलं तर आधी कोबानमध्ये हरवल्याची नोंद करून तिचा नंबर घ्यायचा. मग समजल्या दिवसापासून 14 दिवसांत इमिग्रेशन कार्यालयात पासपोर्ट, 4 × 3 सेंटिमीटरचा फोटो आणि तो नंबर घेऊन जायचं. नवीन कार्डाला फी नाही. झेरॉक्स इथं कामाला येते, कार्डाचा नंबर लगेच सांगता येतो. तेव्हा वडिलांची झेरॉक्स वाया गेली नाही, ती खोलीत ठेवायची.

आठ_तास_शिफ्ट
अडकित्ता घरी. 6 सेंटिमीटरपेक्षा मोठं पातं योग्य कारणाशिवाय जवळ बाळगलं तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 3 लाख येनपर्यंत दंड आहे, आणि त्याहून लहान पातं लपवून ठेवलेलं सापडलं तरी किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्यात बसतं. अडकित्त्याचं पातं कसं मोजायचं यावर पोलिसाशी वाद घालत बसणार का? सुपारी कातरायला असतो हे जपानी भाषेत सांगायचं तर भावालाही जमणार नाही. भावाच्या बॅगेत कारखान्यातला कटर राहू नये, तोही तितकाच महागात पडतो. चुन्याची डबी आणि पुडीही नको. पांढरी पूड दिसली की बॅग तळापर्यंत बघतात.

गोकुळशिरगाव_०९
अडकित्त्याचं आईला सांगितलं. 'मग मी जातच नाही' म्हणतीया. बाकी सगळं छापून भावाच्या बॅगेत टाकतो.